काकांचं नाक आणि पंच्याऐंशीची लेन्स

या सगळ्या प्रकाराला माझ्या थोरल्या काकांचं नाक जबाबदार आहे. हे मी घरात सगळ्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला काही हरकत नाही. बाबा म्हणतात, तूच जबाबदार. आई म्हणते, तो मेला कॅमेरा जबाबदार. काका म्हणतात, आजची पिढी. (बाथरूमचा नळ गळला तरी काकांना त्यात आजची पिढी दिसते.)

मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं. का सोडलं ते घरात बऱ्याचदा सांगून झालंय. आमच्या घरात काही समजावणं हे भिंतीशी बोलण्यापेक्षा वाईट. भिंत निदान मध्येच 'शेजारच्यांचा मुलगा बघ जरा' असं म्हणत नाही. सोडल्यावर मी एका कुरिअरच्या गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवायचं काम केलं आणि त्यातून एक वापरलेला कॅमेरा घेतला. सोबत आलेल्या लेन्सला आतून बुरशी लागली होती. तिच्यातून काढलेला प्रत्येक फोटो धुक्यातला वाटायचा. काकांना तेवढे फोटो आवडले होते. 'यात आपला हॉल निदान स्वच्छ दिसतो,' म्हणाले.

बस स्टॉपजवळ एका फोटोग्राफर बाईंचा स्टुडिओ आहे. पोटासाठी त्या पासपोर्ट फोटो काढतात आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरचे, दुकानांतले, माणसांचे असे फोटो काढतात की बघणारा जागीच थांबतो. मला त्यांच्याकडे काम हवं होतं. मी सलग पंधरवडा त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा एकदाच्या त्या वैतागल्या.

"काय येतं तुला?"

"शिकेन."

"ते सगळेच म्हणतात. वाचनालयात माझं प्रदर्शन आहे, रोजच्या जगण्याचं. रविवारी संध्याकाळपर्यंत मला एक फोटो आणून दे. तुझ्या घरातला. पोज दिलेला नको, 'हसा' म्हणून काढलेला तर नकोच नको. भिंतीवर लावण्यासारखा असेल तर सोमवारपासून कामाला ये."

"आणि नसेल तर?"

"तर दारातून बाजूला हो, गिऱ्हाईक आत येत नाही."

इकडे बाबांनीही सोमवारच धरून ठेवला होता. कॉलेजात पुन्हा नाव घालायची ती शेवटची तारीख. "तोवर कुणी तुला खरोखर कामावर ठेवलं तर मी तोंड मिटून बसेन," असं बाबा म्हणाले होते. बाबा तोंड मिटून बसणार, एवढ्या एका आशेवरसुद्धा माणूस जिवाचं रान करील.

तर प्रश्न राहिला लेन्सचा. बाईंनी सांगितलं होतं, छोटी प्राइम घे. प्राइम म्हणजे जिला झूम नसतो. मोठं हवं तर पुढे चालायचं, छोटं हवं तर मागे. मला हवी होती अठ्ठावीस मिलिमीटरची. बिस्किटाएवढी चपटी, खिशात मावणारी, समोरचा माणूस दचकत नाही अशी. छोट्या घरात कोपऱ्यात उभं राहिलं तरी सगळी खोली आत घेणारी. माझे साठवलेले पैसे निम्म्यालाच पुरत होते. उरलेले काका देणार होते. काका पैसे देणार म्हणजे काका दुकानात येणार, आणि काका येणार म्हणजे त्यांच्या दोन पावलं पुढे त्यांचं नाक येणार.

दुकानात शिरल्या शिरल्या काकांनी दुकानदाराला विचारलं, "यात झूम कुठाय?"

"झूम नसतो साहेब. प्राइम आहे."

"म्हणजे एक गोष्ट कमी, आणि किंमत जास्त?"

"काका," मी म्हणालो, "यात आपण चालायचं असतं. जवळ जायचं, लांब जायचं."

"मग कॅमेरा कशाला? चालत जा आणि डोळ्यांनीच बघ की."

दुकानदार मोठा शांत माणूस होता. त्याने अठ्ठावीसची लेन्स कॅमेऱ्याला लावली, "दाखवतोच," म्हणाला, आणि काकांच्या अगदी पुढ्यात जाऊन फोटो काढला. तिथेच माझं वाटोळं झालं. दुकानात भिंतीवर मोठा स्क्रीन होता. त्या स्क्रीनवर आधी नाक आलं. मग नाकाच्या मागे, जागा मिळेल तसे, काका आले.

काकांनी नाकाला हात लावून बघितला.

"ही लेन्स खराब आहे," काका म्हणाले.

"खराब नाही साहेब. हिच्यातून जवळून काढलं की जे पुढे असतं ते जरा मोठं दिसतं."

"माझं नाक पुढे आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"छे छे," दुकानदार म्हणाला, "कान मागे आहेत."

मी हसलो. हसायला नको होतं हे मलाही कळतं, पण मी माणूस आहे. काकांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि हात मागे बांधले. काकांनी हात मागे बांधले की आमच्या घरात निर्णय झालेला असतो.

"दुसरी दाखवा."

दुकानदाराने पंच्याऐंशीची आणली. हीसुद्धा प्राइमच, मुठीएवढी. पण ही लांबून बघणारी. दुकानदार मागे मागे गेला, पार दाराबाहेर पायरीवर उभा राहिला आणि तिथून त्याने काकांचा फोटो काढला. स्क्रीनवर एक निवृत्त न्यायाधीश अवतरले. मागचं दुकान विरघळून गेलेलं, चेहऱ्यावर भारदस्तपणा, आणि नाक बेताचं, जसं कुणाचंही असतं तसं.

"ही द्या."

"काका, ही घरात चालणार नाही! आपलं घर केवढं, हिला जागा लागते केवढी!"

"आपल्या घरात काय चालतं आणि काय नाही ते मी ठरवतो. आणि आकडे तरी बघ. कुठे अठ्ठावीस आणि कुठे पंच्याऐंशी! तुझे मार्क बघता तुला अठ्ठावीसच जवळचं वाटणार म्हणा."

मी बाबांना फोन लावला. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. (बाबा एका मोठ्या सरकारी ऑफिसात हेडक्लार्क आहेत. पूर्ण ऐकून घेणं आणि काही न करणं, याचाच त्यांना पगार मिळतो.) "दादा म्हणतोय तीच घे," म्हणाले आणि ऑफिसात काम आहे म्हणून ठेवून दिला.

अशी पंच्याऐंशी आमच्या घरात आली.

आमचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर आणि काकांची खोली. मी हॉलमध्येच झोपतो. स्वयंपाकघरात ओट्याच्या विरुद्ध भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, मी आईचा पहिला फोटो काढला. त्यात आईचा एक कान आला आणि कुकरची शिटी आली.

"माझा कान कशाला हवाय त्या बाईला?" आई म्हणाली.

"मागे सरकायला जागा नाही गं."

"मग फ्रिज बाहेर काढ."

फ्रिज बाहेर काढला. त्यामागे हरवलेला चमचा, एक खोडरबर आणि मी सहावीत असताना लपवलेलं प्रगतिपुस्तक निघालं. आईला ते वाचून काढायचं होतं, त्यामुळे फोटो राहिला.

बाबांसाठी मी बाथरूममध्ये गेलो, दार उघडं ठेवलं आणि बादलीवर उभा राहून बोळातून हॉलकडे नेम धरला. बाबांचा गुडघा फार छान आला. गुडघा म्हणून बघितला तर भिंतीवर लावण्यासारखाच होता. पण तेवढ्यात बाबांनी मला बघितलं, वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, खिशातून पेन काढलं आणि कपाळाला आठ्या घालून लांब कुठेतरी बघायला लागले.

"पोज देऊ नका हो बाबा!"

"मी कुठे पोज देतोय? मी असाच असतो."

तोच सगळ्यांचा रोग. बिस्किटाएवढी लेन्स असती तर कुणाला कळलंही नसतं. ही मुठीएवढी डोळ्यांसमोर आली की आई केस सारखे करायची, बाबा पेन काढायचे आणि काका श्वास आत ओढून छाती फुगवून असे उभे राहायचे की मला भीती वाटायची, हे आता सोडतात केव्हा! शनिवारपर्यंत माझ्याकडे कान, गुडघे, एक कोपर आणि फुगवलेल्या छातीचे अर्धे अर्धे तुकडे जमले होते. घरात एकही पूर्ण माणूस नाही.

"मी तेव्हाच म्हणत होतो अठ्ठावीस घ्या!" मी जेवताना ओरडलो.

"लेन्सला नावं ठेवू नकोस," काका म्हणाले. "अवजार चांगलंच आहे. हात कच्चा आहे."

रविवार उजाडला. आमचा रविवार सकाळी ठरलेला असतो. नाश्ता झाला की तिघं वडीलधारी एकाच वेळी 'कामात' जातात. काका खोलीचं दार लावून व्यायाम करतात. बाहेर फक्त आवाज येतो, 'एऽक, दोऽन, तीऽन, चाऽर', एक तासभर. आई स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि मिक्सर सुरू होतो. तो सुरू असेपर्यंत आत जायचं नाही, कारण 'एकदा हात अडकले की अडकले.' बाबा हॉलमध्ये ऑफिसची फाइल उघडून बसतात, आणि तेव्हा हॉलमध्ये पंखाही मोठा करायचा नाही. उरतो मी. त्यामुळे ब्रेड आणणं, दिवे-नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावणं, कचरा खाली नेणं ही रविवारची सगळी कामं माझी. वर येताजाता 'रिकामटेकडा' हे ऐकायचं.

त्या दिवशीही ब्रेड आणायला खाली उतरलो. कॅमेरा पिशवीत होता. रागाने डोकं भणभणत होतं. रस्ता ओलांडून ब्रेड घेतला आणि सहज मागे वळून वर बघितलं. आमच्या तिन्ही खिडक्या एका रांगेत दिसल्या. काकांची, स्वयंपाकघराची, हॉलची. आणि मला एकदम कळलं की मी आठवडाभर चुकीच्या दिशेने मागे सरकत होतो. बादलीवर चढून काय होणार? घराबाहेर पडायला हवं होतं. रस्त्यापलीकडे जायला हवं होतं.

समोरच्या इमारतीचा जिना उघडा आहे. मी आमच्या मजल्याच्या उंचीला आलो, कठड्याला टेकलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि मला माझं घर दिसलं.

पहिल्या खिडकीत काका. आरामखुर्चीत पसरलेले, पाय पलंगावर, पोटावर बिस्किटांचा डबा. तोंड हलत होतं, म्हणजे आकडे मोजणं चालू होतं. 'तीन'ला हात डब्यात जात होता आणि 'चार'ला बिस्किट तोंडात. व्यायाम नियमित होता हे मात्र मान्य करायला पाहिजे. मधल्या खिडकीत आई. एक हात मिक्सरच्या झाकणावर, दुसऱ्या हातात कादंबरी. भांडं रिकामं. उन्हात आरपार दिसत होतं, आत काही नाही, नुसतं फिरतंय. अंगठ्याने पान उलटताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की त्या कादंबरीत बहुतेक कुणाचंतरी लग्न मोडलं असावं. तिसऱ्या खिडकीत बाबा. फाइल उघडी, पेन हातात, चष्मा डोळ्यांवर, हनुवटी तळव्यावर. कुणालाही वाटेल, मोठा आकडा आठवताहेत. फक्त पेन कागदावरून ओघळत ओघळत टेबलक्लॉथवर जाऊन पोचलं होतं. इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्याशिवाय माणसाला असं ताठ झोपता येत नाही.

आणि मी रिकामटेकडा!

मला राग आला. आलाच. पण त्याआधी माझं बोट चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या तिघांना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. एकाच घरात, मध्ये एकेक भिंत, एकमेकांपासून लपून, तिघंही एकाच वेळी मजेत. पंच्याऐंशीच्या त्या लेन्समध्ये तिन्ही खिडक्या कडेला कड लावून बसल्या होत्या, जणू मापाने कापल्या होत्या. मी श्वास रोखून तीन-चार फोटो काढले.

"काय रे, कुणाच्या घरात बघतोस?"

मागे बनियनवर एक आजोबा उभे होते. त्यांच्यामागे हातात केरसुणी घेतलेल्या एक काकू. त्यांच्यामागे अर्धवट दाढी केलेला, अर्धा साबण लागलेला एक गृहस्थ. (जिन्यात माणसं कुठून उगवतात कळत नाही.)

"माझ्याच," मी म्हणालो.

"स्वतःचं घर सोडून, समोरच्या इमारतीत येऊन, स्वतःच्याच घरात बघतोस?"

"हो."

"का?"

"आत मावत नव्हतं."

हे खरं होतं. पण काही खरी उत्तरं अशी असतात की त्यापेक्षा थाप बरी. केरसुणीवाल्या काकू म्हणाल्या, "बघितलंत? तोंड वर करून बोलतोय." दाढीवाल्यांनी माझी पिशवी ताब्यात घेतली. आजोबांनी कॅमेऱ्याचा स्क्रीन बघायला मागितला. दाखवला. तिघांनी डोकी एकत्र केली.

"हे कोण?"

"माझे काका."

"काय करताहेत?"

"व्यायाम."

आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला. "बरं. आणि ह्या?"

"आई. स्वयंपाक करतेय."

"आणि हे?"

"बाबा. ऑफिसचं काम."

"हा आपल्याला मूर्ख समजतोय," दाढीवाले म्हणाले. साबण त्यांच्या गालावरच वाळत चालला होता, त्यामुळे ते आणखी रागावलेले दिसत होते.

मग आजोबांनी कठड्यावर वाकून, उभ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली. "अहो समोरचेऽ! खिडकीवालेऽ! हा मुलगा तुमचा काऽ?"

तीन खिडक्यांत एकदम खळबळ झाली. डबा गडप झाला, कादंबरी गडप झाली, बाबा दचकून आधी फाइलवर सही करायला लागले. मग तिघंही खिडक्यांशी आले. तीन डोकी, तीन चौकटी. काय फोटो होता! पण कॅमेरा आजोबांच्या हातात होता.

"काय झालंऽ?" काका ओरडले.

"हा तुमच्या घराचे फोटो काढतोऽय!"

"कधीपासूऽन?"

"बराच वेळ झालाऽ!"

काकांनी ओठांवरचा चुरा पुसला. मग ठामपणे म्हणाले, "मग आमचा नाहीऽ!"

सख्खा काका. ज्याचे मी लहानपणापासून पाय दाबले. दाढीवाल्यांनी लगेच माझा दंड धरला. खाली वॉचमनला हाक गेली, मधल्या मजल्यांवरची दारं उघडली, आणि पोलिसांना कुणी फोन करायचा यावर तिथल्या तिथे बैठक भरली. तेवढ्यात मधल्या खिडकीतून आई ओरडली.

"आमचाच आहे तोऽ! सोडा त्यालाऽ! घरी पाठवा, मी बघतेऽ!"

माझ्या दंडावरची पकड सुटली, कॅमेरा आणि पिशवीही परत मिळाली. 'मी बघते' हे ऐकून दाढीवाल्यांनाही माझी दया आली असावी.

घरी आलो. वाटलं होतं, दारातच फटाके फुटतील. पण घर चिडीचूप. फोटोत नेमकं काय आलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच सापडलो. मी बूट काढत होतो तेव्हा बाबा बोळात आले.

"कितपत दिसतंय रे?" हळू आवाजात विचारलं.

"बऱ्यापैकी."

"मी विचार करत होतो. डोळे मिटून विचार चांगला होतो."

आई पाणी प्यायच्या निमित्ताने आली. "मिक्सरच्या भांड्यात काय आहे ते दिसतं का त्यात?"

"काही नाही ते दिसतं."

काकांनी तर मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलेलं आहे. "हे बघ," म्हणाले, "आई-बाबांचं ठेव, माझ्या बाजूने कात्री मार."

मी कुणालाच शब्द दिला नाही. ब्रेड ओट्यावर ठेवला आणि सरळ स्टुडिओत गेलो.

बाईंनी फोटो मोठा करून छापला आणि टेबलावर ठेवला. खूप वेळ बघितला. एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी भांग पाडून ताटकळत उभं होतं, तेही वाकून बघायला लागलं आणि खो खो हसलं. बाई हसल्या नाहीत.

"कुठली लेन्स?"

"पंच्याऐंशी. मला अठ्ठावीस हवी होती."

"अठ्ठावीस असती तर तू घरातच राहिला असतास." मग म्हणाल्या, "लावते हा. उद्यापासून ये."

मी काहीतरी म्हणणार होतो, पण त्याच पुढे म्हणाल्या, "तिघांची परवानगी आण. माझ्या भिंतीवर माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो लागत नाही."

"बाई, परवानगी मागितली असती तर हा फोटो आला असता का?"

"नसता. म्हणून काढताना मागायची नसते. लावताना मागायची."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर दुसरा आण. संध्याकाळ व्हायला वेळ आहे."

दुसरा! माझ्याकडे दुसरा म्हणजे बाबांचा गुडघा होता.

मी छापलेला फोटो घेऊन घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. तिघंही जमले. प्रत्येकाने आधी स्वतःला शोधलं आणि डोळे फिरवले. मग हळूच शेजारच्या खिडकीत बघितलं.

"अहो, तुम्ही झोपलाय!" आई म्हणाली. "दर रविवारी मी पावलं न वाजवता चालते ह्या घरात!"

"तू आधी ते रिकामं भांडं काय आहे ते सांग."

"भाऊजी! बिस्किटं? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं, पण मी मोजून खातो," काका म्हणाले. "तुम्हीच ऐकता की बाहेरून."

पहिल्यांदा आई हसली. तिला टेबल धरावं लागलं. मग बाबा. बाबांना हसताना ठसका लागतो, तो लागला, आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारता मारता काकाही हसायला लागले. सगळं घर हसत होतं. मला वाटलं, जिंकलो. मीही हसायला लागलो. मोठी माणसं एकमेकांना हसून दमली की सगळ्यांत लहान माणसाकडे वळतात, हे मी विसरलो होतो.

"तर हा वाचनालयात लागणार म्हणतोस," बाबा डोळे पुसत म्हणाले.

"तुम्ही तिघांनी हो म्हटलं तर."

'तिघांनी' हा शब्द मी उच्चारला आणि खोलीतली हवा बदलली. इतक्या वर्षांत या तिघांचं टीव्हीच्या चॅनेलवरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं. आता त्यांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं आणि झालं. बाबांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला.

"आमची काही हरकत नाही. कॉलेजची शेवटची तारीख उद्या आहे. तू नाव घाल, आम्ही हो म्हणतो."

"बाबा! कुणी कामावर ठेवलं तर तोंड मिटून बसेन म्हणाला होतात!"

"मी बसतोच आहे. दादा बोलेल."

"वर्ष मध्येच सोडलंस, त्यामुळे दुसरं पहिल्यापासून करावं लागेल," काका म्हणाले. त्यांनी चौकशी करून ठेवलेली होती. "मग तिसरं. मग चौथं."

"हा ब्लॅकमेल आहे!"

"ही अट आहे," काका म्हणाले. "ब्लॅकमेल तू करणार होतास. मला चेहऱ्यावरूनच कळलं होतं."

मी आईकडे बघितलं. आईने फोटो उचलून उजेडात धरला होता. "मी छान आलेय रे यात," म्हणाली. "बाईंकडे रविवारी जा की. कोण नाही म्हणतंय?"

मी उठलो. फोटो तिच्या हातातून घेतला. फाडून चार तुकडे करायचे, त्या तिघांच्या पुढ्यात टाकायचे आणि सरळ कुरिअरच्या गोदामाची वाट धरायची, असं ठरलेलं होतं. दोन्ही हातांनी धरलासुद्धा. मग माझी नजर बाबांच्या त्या ओघळलेल्या पेनावर गेली. आईच्या अंगठ्यावर गेली. आयुष्यात मी केलेली ती पहिली गोष्ट होती जिच्यात मलाही खोट काढता येत नव्हती. मला नाही फाडवला.

"म्हणा हो," मी म्हणालो.

तिघांनी एका सुरात हो म्हटलं. शाळेत म्हणतात तसं.

बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, रविवारी ये, हात बसेल, पगाराचं मात्र विसर. प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मी वाचनालयात गेलो तेव्हा आमच्या फोटोसमोर गर्दी होती. मला पुढे जायलाच जागा मिळेना. गर्दीच्या मधोमध इस्त्रीचा शर्ट घालून काका उभे होते आणि लोकांना लांबचं कसं जवळ आणायचं असतं ते समजावून सांगत होते. कुणीतरी विचारलं, फोटो काढलाय कुणी? "पुतण्याने," काका म्हणाले. "इंजिनिअरिंगला आहे."

फोटो भिंतीवर आठवडाभर होता. मला तो तीन वर्षांना पडला.